चिबडातली नीलगिरी: तोड आणि ओढणीच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

वाळवा तालुका, कृष्णेच्या काठापासून फार लांब नाही. तीस गुंठ्यांचा तुकडा, खोल काळी जमीन. वरच्या अंगाला सगळा ऊस आणि उताराच्या तळाशी आम्ही. वरची रानं वर्षभर पाटानं भिजतात, ते पाणी झिरपत आमच्याकडं येतं. आधी नुसती जमीन चिबडली, म्हणजे पाणी साचून कायमची ओली झाली, मग वर क्षाराचं पांढरं फुटायला लागलं. उसाच्या उगवणीत जागोजाग टकलं दिसायला लागली तेव्हा आबांनी वैतागून नीलगिरी लावली. ती आता साठ फुटांवर गेली आहे.

नीलगिरीनं पाणी खेचलं हे खरं. झाडांच्या मधोमध खणलेल्या खड्ड्यात पाणी कमरेइतकं खाली आहे, कडेच्या उघड्या पट्टीत मात्र गुडघ्याएवढ्यावरच लागतं. पण झाड पाणी पितं आणि क्षार तिथंच सोडतं. त्यामुळं जमीन कोरडी पडली तरी गोडी होत नाही. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रानं क्षारपड जमिनीच्या निचऱ्यावर बरंच काम केलं आहे. तिकडं जाऊन आल्यावर घरात ठरलं की छिद्राचे पाइप गाडायचे आणि पाणी ओढ्याला काढायचं. त्याआधी झाडं काढावी लागणार, कारण नीलगिरीची मुळं पाइपात शिरली की पाइप बंद.

कागदाचं आधी पाहिलं. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, मोह, खैर, चंदन अशी झाडं आहेत, नीलगिरी नाही. आमच्या बांधावर एक आंबा आणि दोन जांभळं आहेत. त्यांना चुना मारून ठेवला. त्यांना हात लावायचा नाही, आणि दोरही बांधायचा नाही.

एकच नियम आजपासून: ट्रॅक्टर पाणंद, म्हणजे रानालगतची गाडीवाट, सोडणार नाही.

७ जानेवारी

या नियमावर दाजींशी वाद. ट्रॅक्टर त्यांचा, ४५ एचपी. गळीत हंगामात बाकी सगळे ट्रॅक्टर उसाच्या ट्रॉल्यांना जुंपलेले आहेत. दाजींचा जुना असल्यामुळं कारखान्यावर जात नाही, म्हणून आम्हाला मिळाला.

दाजी म्हणाले, "पाव्हणं, वरनं तर वाळलंय की. पाय ठेवून बघा, रुततोय का?"

पाय रुतत नाही, बरोबर आहे. माणसाचं वजन सत्तर किलो आणि ट्रॅक्टरचं दोन टनाच्या आसपास. मी पहार घेतली. वरची चार बोटं कडक, तिच्याखाली पहार हातानंच आत गेली आणि काढताना चोक-चोक आवाज करत आली. खालची माती मुठीत दाबली तर बोटांच्या मधून बाहेर आली आणि वर चकाकी उमटली. वाफसा, म्हणजे कामाजोगी ओल, नावाला नाही. अशा मातीत टायर एकदा घसरला की नक्षीत चिकणमाती भरते, मग तो टायर गुळगुळीत. त्यानंतर रेस दिली की ट्रॅक्टर पुढं जात नाही, खाली जातो.

दाजींनी केजव्हीलचा, म्हणजे लोखंडी पात्यांच्या चाकांचा विषय काढला. भातात चिखलणी करताना चालतात, मग इथं का नको? पण भाताच्या खाचरात वर्षानुवर्षांच्या चिखलणीनं वीतभर खाली कडक थर झालेला असतो, त्या थरावर ती चाकं उभी राहतात. इथं खाली टेकायला काही नाही. लोखंडी पाती माती खणत जातील आणि एक्सल टेकेल. दाजींना हे पटलं. त्यांच्या गावाकडचं, म्हणजे शिराळ्याकडचं भाताचं रान त्यांना ठाऊक आहे.

ट्रॅक्टर आत जाणार नाही म्हटल्यावर लाकूड बाहेर यायला हवं. त्यासाठी दोर.

९ जानेवारी

सामान जमलं. कुपवाड एमआयडीसीतल्या भंगारातून क्रेनच्या दोन कप्प्या घेतल्या. एकीचं बेअरिंग गेलं होतं. दोन्ही खोलल्या, ग्रीस बदललं, पिना नव्या वळवून घेतल्या. वेल्डिंगचं दुकान घरचं असल्याचा एवढा फायदा. पण भार घेणाऱ्या हुकाला वेल्डिंग केलं नाही आणि कुणी करूही नये. शिवलेला हुक कधी तुटेल याचा नेम नसतो.

१२ मिमीचा तारेचा दोर सांगलीहून नवा आणला. टोकाला फास करताना तीन क्लिपा मारल्या. त्यातली एक गोष्ट गावात दहातले आठजण उलटी करतात: क्लिपचा यू-बोल्ट मोकळ्या आखूड टोकावर बसला पाहिजे आणि खाचांची बैठक भार घेणाऱ्या दोरावर. उलट बसवलं तर यू-बोल्ट भाराच्या तारा चिरडतो. पहिल्या ओढीनंतर नट पुन्हा आवळायचे, कारण ताण आला की दोर बारीक होतो.

मांडणी अशी. पाणंद आमच्या तुकड्याच्या एका बाजूनं सरळ जाते. ट्रॅक्टर रानाकडं पाठ करून सरळ ओढू शकत नाही, पलीकडं दुसऱ्याचा ऊस उभा आहे. म्हणून कोपऱ्यावरच्या जुन्या बाभळीला पट्टा घालून कप्पी बांधायची. दोर ओंडक्यापासून कप्पीपर्यंत रानातून येईल, तिथं काटकोनात वळून पाणंदीनं ट्रॅक्टरपर्यंत जाईल. ट्रॅक्टर पाणंदीनं जेवढा पुढं जाईल तेवढा ओंडका बाहेर.

इथं एक हिशेब डोक्यात पक्का ठेवायचा. काटकोनात वळलेल्या दोराच्या कप्पीवर ओढीच्या जवळजवळ दीडपट भार येतो, दोर उलटा वळवला तर दुप्पट. म्हणजे सगळ्यात जास्त ताण ट्रॅक्टरवर नाही, बाभळीवर. आणि दोराच्या कोनाच्या आतल्या बाजूला माणूस उभा राहायचा नाही. पट्टा सुटला तर कप्पी त्याच बाजूला उडते. आतल्या अंगाला मी चुन्याची रेघ मारली.

ट्रॅक्टरला दोर खालच्या हिचलाच. टॉप लिंकच्या जागी किंवा एक्सलला वर बांधला आणि ओंडका अडला, तर मागची चाकं जागेवर राहून पुढचं तोंड उचलतं. क्लच दाबायला सवड मिळत नाही. आमच्या पट्ट्यात उसाची ट्रॉली चढावर काढताना असं झालेलं सगळ्यांना माहीत आहे, तरी बांधणारे वरच बांधतात.

मागच्या टायरातलं पाणी काढलं नाही. पाणंद कडक आहे, तिथं वजन कामाचं. रानात जायचं असतं तर उलटं केलं असतं, पाणी काढून हवा १२ पौंडावर आणली असती.

१२ जानेवारी

तोड सुरू. झाडं तोडणारे मिस्त्री शेजारच्या गावचे. मोठी चेनसॉ मशीन ४५ सीसी, चेन फिरते ती पट्टी १८ इंची, आणि फांद्यांना लहान ३२ सीसी. हेल्मेट, कानाला झापा, जाड बूट. मांडीला कापरोधक पट्टे हवेत म्हटल्यावर मिस्त्री हसले होते, पण घातल्यावर काढले नाहीत.

पेट्रोलची गोष्ट लिहून ठेवतो. लिटरला २० मिली टू-स्ट्रोक ऑइल, ५० ला १. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल आहे (आपल्याच उसाचं, तक्रार कुणाकडं करायची), ते हवेतलं पाणी धरतं. मिश्रण करून आठवडाभर ठेवलं की मशीन सकाळी रुसते. म्हणून त्या दिवसापुरतंच मिसळायचं, संध्याकाळी टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवायची.

झाड कुठं पडणार हे दोरावरून ठरवलं. बुंध्याकडून ओढायचं, म्हणजे राहिलेल्या बारीक फांद्या मागं दुमडतात, मातीत अडत नाहीत. म्हणून बुंधा कप्पीकडं आणि शेंडा लांब, थोडा तिरपा. मधे दहा फुटांची ओढवाट मोकळी ठेवली, दोन्ही बाजूंची झाडं तिच्यावर तिरपी येतील अशी. वाटेवरची झाडं आधी पाडली आणि त्यांचे बुडखे जमिनीबरोबर कापले. बुडखा अडला की दोर तुटेपर्यंत ताणतो.

पडायच्या बाजूची खाच व्यासाच्या चौथ्या हिश्शाएवढी. बिजागरी, म्हणजे खाच आणि मागचा काप यांच्या मधे न कापता ठेवलेला पट्टा, व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी ठेवायची आणि ती सगळीकडं सारख्या जाडीची हवी. पळायची वाट झाडाच्या मागं तिरपी, दोन्ही बाजूंना साफ करून. चिखलात ही वाट आधी चालून बघावी लागते. ऐन वेळी बूट रुतला तर वाटेचा काय उपयोग? आम्ही तिथं पाचट पसरलं होतं, ते निसरडं निघालं. ते काढून डहाळ्या टाकल्या, मग पाय ठरला.

१४ जानेवारी

संक्रांत. काम बंद. कानस घेऊन बसलो. मोठ्या चेनला ४.८ मिमीची गोल कानस, लहानीला ४ मिमी. दात तीस अंशांत, सगळे एका लांबीचे. भाच्यानं तिळगूळ आणून दिला, हाताला ऑइल होतं म्हणून त्यानंच तोंडात घातला.

१५ जानेवारी

आज अवघड झाडं. पाणी वर असलेल्या पट्टीत मुळं खोल जात नाहीत, त्यामुळं तिथली झाडं ओढ्याच्या बाजूला कलली आहेत. कललेल्या नीलगिरीत ताण फार असतो. नेहमीसारखा मागून काप घेतला तर काप निम्म्यात असतानाच खोड उभं चिरतं आणि बुंध्याचा मागचा भाग वर उसळतो. कापणारा नेमका तिथंच उभा असतो.

मिस्त्रींची रीत बघण्यासारखी आहे. पुढं लहान खाच. मग पट्टी बाजूनं खोडाच्या पोटात घालायची, आधी टोकाचा खालचा कोपरा टेकवून, वरचा कोपरा कधीच नाही, कारण वरच्या कोपऱ्यानं मशीन उसळी मारते. पोटातून बिजागरीपर्यंत पुढं कापायचं, मग मागं यायचं, पण मागचा चार बोटांचा पट्टा तसाच ठेवायचा. झाड त्या पट्ट्यावर धरलेलं राहतं. मशीन बाहेर काढून, आजूबाजूला बघून, शिट्टी मारून, शेवटी तो पट्टा बाहेरून तोडायचा. झाड एकदम जातं, चिरत नाही.

"घाई करनाऱ्यानं ह्या झाडाला हात लावू नये," असं मिस्त्री म्हणाले आणि मग विडी ओढत बराच वेळ नुसते झाडाकडं बघत बसले.

१७ जानेवारी

पहिली ओढ. साठ फुटी खोड, बुंध्याला फूटभर व्यास. ओलं नीलगिरीचं लाकूड पाण्याइतकं किंवा थोडं जास्तच जड, म्हणजे खोडाचं वजन सहाशे किलोच्या घरात. ट्रॅक्टरला ते काहीच नाही. पण वीस फूट आल्यावर बुंध्याची कड मातीत घुसली आणि पुढं मातीचा ढीग घेऊन नांगरासारखं खोड खाली जायला लागलं. दाजी थांबले. मी शिट्टी मारायच्या आधी थांबले, हे महत्त्वाचं. दोराचा आवाज बदलला की ओढणाऱ्याला कळलं पाहिजे.

दुकानात जुन्या टाकीचा जाड पत्रा पडला होता. त्याचं पुढचं टोक वर वळवलं, दोन भोकं पाडून त्याला साखळी लावली. बुंधा त्यावर ठेवून साखळीनं आवळायचा. पत्र्याची नाकाड वर असल्यानं बुंधा मातीवर चढून येतो. दुपारनंतर त्याच वाटेनं तेवढीच जड खोडं पहिल्या गिअरमध्ये, कमी रेसवर, सुरळीत आली. ओढवाटेवर खाच पडली ती वीतभर. ट्रॅक्टर आत गेला असता तर मांडीभर पडली असती.

शिट्टीची भाषा ठरवली: एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे ओढा, तीन म्हणजे ढील द्या. एक शिट्टी कुणीही मारू शकतो, दोन फक्त ओंडक्याजवळचा माणूस.

१८ जानेवारी

उसाच्या डबल ट्रॉल्यांनी दिवस खाल्ला. पाणंद सगळ्यांची, दोर आडवा ठेवता येत नाही. ट्रॉली आली की ढील, दोर गुंडाळ, ट्रॉली गेली की पुन्हा. दुपारनंतर पाणंदीच्या तोंडाला लाल फडकं घेऊन भाच्याला बसवलं. तोडकऱ्यांच्या मुकादमाशी बोलून त्यांच्या गाड्या भरायच्या वेळा विचारून घेतल्या. आधीच विचारायला हवं होतं असं आबा म्हणाले, ते आबा नेहमीच म्हणतात.

२१ जानेवारी

वखारवाल्याची माणसं माल बघायला आली. त्यांचा ट्रॅक्टर-ट्रॉली थेट रानात. आम्ही हात केले, पण चालकाला वाटलं लाकडाजवळच भरलं तर वेळ वाचेल. तीस फुटांत मागची चाकं निम्मी आत, आणि ट्रॅक्टर म्हशीसारखा पोटावर बसला.

मग त्यानं जे केलं ते सगळीकडं करतात: मागच्या दोन्ही चाकांना पुढून आडवं लाकूड साखळीनं बांधलं आणि पुढं काढायला लागला. लाकूड मातीत अडलं, चाकं फिरेनात, आणि पुढची चाकं जमिनीवरून हातभर उचलली. दाजी ओरडले तेव्हा त्यानं क्लच दाबला. नशीब क्लच वेळेत दाबला गेला.

त्यानंतर ट्रॉली सोडली. चाकांच्या मागं फावड्यानं उतार काढला, त्यात जाड फांद्या आडव्या घातल्या, डिफरेन्शियल लॉक टाकून मागंच घ्यायला लावलं. लॉक चाक फिरायच्या आधी टाकायचा आणि स्टिअरिंग सरळ ठेवायचं. सोबत पाणंदीवरून आमच्या दोराची ओढ. निघाला. त्याचे दोन खड्डे अजून तसेच आहेत, त्यात पाणी उभं आहे. ट्रॅक्टर का आत न्यायचा नाही हे आता कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

२२ जानेवारी

पूर्वेच्या ओळीत एका झाडाला आग्यामोहोळ. नीलगिरीला बहर आहे. मशीनच्या हादऱ्यानं माश्या उठल्या तर पळायला जागा नाही, चिखलात तर नाहीच. ते झाड आणि आजूबाजूची सोडून दिली. आबा म्हणतात बहर संपला की जातील. मिस्त्रींनी धूर करून काढायची तयारी दाखवली. पाल्यात तेल, खाली वाळका पाचोळा, आणि धूर? नको.

२५ जानेवारी

चेन फार लवकर बोथट होत होती. कारण शोधायला लागलं नाही. चिखलातून ओढलेल्या खोडाच्या सालीत माती भरते, पाणंदीवर आडवं कापताना तीच माती चेनला खाते. भुसा पिठासारखा पडायला लागला की समजायचं धार गेली. चांगल्या धारेला तुकडे पडतात.

उपाय मिस्त्रींच्या बायकोनं सुचवला. पाडल्या-पाडल्या सालं काढायची. ताज्या नीलगिरीची साल कुऱ्हाडीनं उभी चिरून पहारीनं उचलली की लांबच्या लांब पट्ट्यांनी निघते. दोन दिवस गेले की चिकटून बसते. सोललेलं खोड स्वच्छ येतं आणि घसरतंही छान, ट्रॅक्टरची रेस ऐकूनच कळतं.

अडचण नवीनच निघाली. सोललेल्या ओल्या खोडावरून फास निसटतो. एकदा दोर रिकामाच सपकन पाणंदीकडं आला. तेव्हापासून बुंध्यापासून हातभर आत कुऱ्हाडीनं गोल खाच घेतो, फास तिच्यात बसतो. खाचेचा भाग वखारवाला कापून टाकतो, तेवढं नुकसान धरून चालायचं.

सालीच्या पट्ट्या ओढवाटेवर टाकू नयेत. ओल्या साली म्हणजे साबण.

२९ जानेवारी

या आठवड्यात शेतीपंपाची वीज रात्रीची आहे. वरच्या रानातल्या शेजाऱ्यांनी ऊस रात्रभर भिजवला, आमची ओढवाट सकाळी चकाकत होती. पहार आता स्वतःच्या वजनानं वीतभर जाते.

शेजाऱ्यांकडं गेलो. भांडायला नव्हे. त्यांचा ऊस, त्यांची पाळी, त्यांना पाणी बंद करा कसं म्हणणार? पण वरच्या बांधालगतच्या चार सऱ्या या आठवड्यात कोरड्या ठेवाल का, एवढं विचारलं. ते म्हणाले, "सऱ्या ठेवतो. पर तुमच्या नीलगिरीनं माझ्या कडंच्या सऱ्या धा वर्स खाल्ल्या, ते कुठं लिव्हायचं?" खरं आहे. इथं लिहिलं.

ओढवाटेवर फांद्यांचा थर टाकायला सुरुवात केली. मनगटाएवढ्या फांद्या वाटेला आडव्या, त्यावर पाला आणि डहाळ्या, गुडघ्याएवढा जाड. पहिली दोन खोडं गेल्यावर तो थर दबून बसला आणि मग चांगला चालला. पाला जाळायचा बेत होता तो आपोआप मागं पडला. ओल्या रानात पालापाचोळा ही रस्त्याची खडी आहे, ती संपल्यावर तोड थांबवावी असं माझं मत झालं आहे. म्हणून आता पुढची झाडं वाटेला किती फांद्या लागतात ते बघून पाडतो.

२ फेब्रुवारी

पंपाकडं जाणाऱ्या तारांलगतची झाडं. वायरमनला आधी सांगून वीज बंद करून घेतली, तारांवर अर्थिंग टाकलेलं डोळ्यांनी पाहिलं, मगच मशीन चालू केली. झाडाच्या निम्म्याच्या वर दोर बांधून, कप्पी फिरवून, तारांच्या उलट दिशेला ओढ ठेवली. ट्रॅक्टरनं फक्त ताण धरायचा, झाड पाडायचं काम बिजागरीचं. जास्त ओढलं तर बिजागरी तुटते आणि मग झाड कुणाचंच ऐकत नाही.

६ फेब्रुवारी

सगळ्यात जाड बुंधे ओढ्याकडच्या कोपऱ्यात आहेत, तिथंच जमीन सगळ्यात मऊ. खोड पूर्ण येईना. दोन पर्याय होते, तुकडे करायचे किंवा ओढ दुप्पट करायची.

तुकडे केले तर बारा फुटी, तीस इंच घेराचा ओंडका पावणेदोनशे किलोच्या आसपास भरतो, एकेक आणायला सोपा. पण दोर आत नेऊन बांधायचं कष्ट प्रत्येक ओंडक्याला सारखंच. चिखलातून तारेचा दोर हातानं आत नेणं हेच खरं अंगमेहनतीचं काम आहे, ओढणं नव्हे. म्हणून दुसरी कप्पी काढली. ती ओंडक्याला बांधायची. दोराचं टोक बाभळीजवळच्या दुसऱ्या आधाराला, दोर ओंडक्यावरच्या कप्पीतून वळून परत बाभळीच्या कप्पीत आणि तिथून ट्रॅक्टरला. घर्षण सोडलं तर ओढ दुप्पट, आणि खोड दहा फूट यायला ट्रॅक्टर वीस फूट जातो. ट्रॅक्टर निवांत चालला.

पण तिसऱ्या खोडाला आबा बाभळीकडं बघून म्हणाले, "थांबा." बाभळीच्या मागच्या अंगाला जमिनीत बोटभर भेग पडली होती. ओढ दुप्पट झाली ती आधाराच्या जिवावर. मुळं उचलायला लागलेली.

काम थांबवून मागच्या बाजूला कमरेएवढा चर खणला. त्यात जाड ओंडका ओढीला काटकोनात आडवा पुरला, त्याला साखळी घालून तिरप्या खाचेतून वर काढली आणि बाभळीच्या बुडाशी ताण देऊन बांधली. वर माती चोपून चोपून भरली. बांधावरची माती कोरडी आहे म्हणून हे जमलं, रानात पुरला असता तर लोण्यातून सुरी निघावी तसा बाहेर आला असता. भेगेवर खडूनं खूण केली. संध्याकाळपर्यंत ती वाढली नाही.

१० फेब्रुवारी

वजनकाटा. सौदा टनावर झाला आहे. वखारवाला रोज फोनवर सांगत होता, घाई नाही, पडू द्या आठ-पंधरा दिवस. त्याला घाई का नाही ते कळायला काटा बघावा लागत नाही. ताज्या नीलगिरीच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असतं, उन्हात ते रोज उडतं, सोललेल्या लाकडातून तर अजून लवकर. वर टोकं तडकतात आणि तडकलेल्याचे पैसे तो कापतो. सोलण्यात आमची चेन वाचली पण वजन चटकन उतरणार, म्हणून बाहेर आलेलं लाकूड शक्यतो दोन दिवसांत काट्यावर नेतो. थप्पी आंब्याच्या सावलीला, टोकांना ओलं पोतं. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी एकाच काट्यावर करायची, हेही सांगून ठेवलं.

जाड माल फळीला, मधला सेंट्रिंगच्या टेकूंना, बारीक गुऱ्हाळाला जळण म्हणून.

१५ फेब्रुवारी

मोहोळ आठवड्याभरापूर्वी उठून गेलं होतं. ती झाडं आज पडली.

आता बुडख्यांचं. नीलगिरी बुडख्यातून पुन्हा फुटते, उसाच्या खोडव्यासारखीच. बुडखा वीतभर ठेवून, तिरपा, साल न फाटता कापला तर चांगले फुटवे येतात. आबांचं म्हणणं, निम्म्या रानात फुटू द्यावी. पाइप गाडायला पैसे लागणार आहेत आणि पाच-सहा वर्षांत पुन्हा टेकू विकता येतील. मला ते सरसकट पटत नाही, क्षार तिथंच राहणार. पण ओढ्याकडच्या कोपऱ्यात, जिथं पाइपाचा उतारच जमत नाही, तिथं आबांचं बरोबर आहे. तिथले बुडखे ठेवले. पाइपाच्या रेघेत येणारे जेसीबीनं काढायचे, जेसीबी मे महिन्यात, त्याआधी आत घ्यायचा नाही. बाकीच्यांवरचे फुटवे हातभर आले की कोयत्यानं मारत राहायचे.

२० फेब्रुवारी

ओढवाट आवरली. फांद्यांचा थर उचलायला गेलो तर खालचा निम्मा मातीत मिसळलेला. वरचा काढून घेतला, खालचा राहू दिला. दबलेली वाट आजच नांगरायची दाजींची तयारी होती. ओल्या काळ्या मातीत नांगर घातला तर ढेकळं दगड होतात आणि तळाला नवा थर बसतो, म्हणून थांबवलं. उन्हाळ्यात जमीन भेगाळली की दबलेला थर बराचसा आपोआप मोकळा होईल. वखारवाल्याच्या गाडीचे दोन खड्डे मात्र चर काढून ओढ्याला जोडले.

दोर धुऊन, तुटक्या तारा तपासून, जळक्या ऑइलात बुडवून टांगला. कप्पीजवळच्या दहा फुटांत तारा मोडल्या आहेत, तेवढा तुकडा कापून फास नव्यानं करायचा आहे. बाभळीच्या सालीवर पट्ट्याचा वळ आहे, खोल नाही. पुरलेला ओंडका तसाच ठेवला.

संध्याकाळी वरच्या रानातले शेजारी आले. त्यांच्या विहिरीच्या खालच्या अंगाला सुबाभूळ आहे, तिथंही गाडी जात नाही. दोर-कप्प्या द्याल का म्हणाले. देतो म्हटलं. दोर नवा करून, दाजी आणि मिस्त्री बरोबर येणार असतील तरच, आणि तोडीच्या आधी पंधरा दिवस त्या वाफ्यांचं पाणी बंद. पंधरा दिवसांवर ते अडले आहेत, दहावर तयार आहेत. परवा पहार घेऊन बघायला जायचं ठरलं.